जास्त मते घेऊन कॉर्बिन हरले, कमी मतांत स्टार्मर जिंकले. मग लोकप्रिय कोण?

प्रश्न असा आहे: जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनच्या मजूर पक्षाने २०१७ मध्ये १ कोटी २८ लाख मते घेतली, तरी सत्ता मिळाली नाही. २०१९ मध्ये १ कोटी २ लाख मते पडूनही पक्षाचे पानिपत झाले. २०२४ मध्ये किअर स्टार्मर यांच्या पक्षाला जेमतेम ९७ लाख मते मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा पदरात पडल्या. मग दोघांतला लोकप्रिय नेता कोणता? आणि ब्रिटिश नेत्यांची तुलना करायची तर कोणता आकडा धरायचा?

नेत्याला मिळालेली मते सुटी काढून वाचली तर फसगत ठरलेली. समोर कोण होते, आणि या नेत्याच्या नावाने विरोधातली किती माणसे एका जागी गोळा झाली, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याला अर्थ येत नाही. कॉर्बिन यांनी स्वतःचीही मते वाढवली आणि हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचीही. स्टार्मर यांनी फारशी कुणाचीच वाढवली नाहीत. समोरचा वाडा आतून कोसळत असताना ते सगळ्यांना सोसवतील असे राहिले, आणि तेवढे पुरले.

मजूर पक्षाच्या नेत्यांचे मतटक्के उतरत्या क्रमाने पाहा. कॉर्बिन २०१७: ४०.० टक्के, पराभव. कॅलॅहन १९७९: ३६.९, पराभव. ब्लेअर २००५: ३५.२, विजय. किनॉक १९९२: ३४.४, पराभव. स्टार्मर २०२४: ३३.७, दणदणीत विजय. या क्रमातून एकही नियम निघत नाही. आता हुजूर पक्षाशी असलेला फरक लिहा. २०१७ मध्ये मजूर पक्ष सुमारे अडीच टक्के मागे होता, १९७९ मध्ये ७, १९९२ मध्ये साडेसात टक्के मागे. २००५ मध्ये जवळजवळ ३ टक्के पुढे आणि २०२४ मध्ये १० टक्के पुढे. सगळे जागच्या जागी बसते. ज्या मतदारसंघात जो पहिला, तो निवडून, ही पद्धत आपल्याकडेही ब्रिटनकडूनच आली आहे; २०१४ मध्ये भाजपने ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा जिंकल्या, त्यामुळे हे गणित मराठी वाचकाला नवे नाही. ब्रिटनचे वेगळेपण एवढेच की तिथे निवडणूकपूर्व आघाड्या फारशा होत नाहीत. मतविभागणी टाळायची की नाही, हे मतदार परस्पर ठरवतो.

यातली सर्वांत बोलकी जोडी हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर आणि थेरेसा मे यांची. १९८३ मध्ये थॅचर यांच्या पक्षाला ४२ टक्क्यांहून थोडी जास्त मते मिळाली आणि ३९७ जागा आल्या. २०१७ मध्ये मे यांनाही ४२ टक्क्यांहून थोडी जास्तच मिळाली, पण जागा ३१७; असलेले बहुमतही गेले. मे यांना पडलेली १ कोटी ३६ लाख मते ही १९९७ च्या लाटेत ब्लेअर यांना पडलेल्या मतांपेक्षाही जास्त होती. फरक समोरच्या बाजूला होता. १९८३ मध्ये विरोधी मते दोन ठिकाणी फाटली: मायकेल फूट यांच्या मजूर पक्षाकडे २७.६ टक्के आणि लिबरल-सोशल डेमोक्रॅट आघाडीकडे २५.४ टक्के. २०१७ मध्ये हीच विरोधी मते कॉर्बिन यांच्या झोळीत एकगठ्ठा पडली. १९७९ च्या तुलनेत १९८३ मध्ये थॅचर यांचा मतटक्का दीड टक्क्याने घटला आणि जागा ५८ ने वाढल्या, हेही लक्षात ठेवा. 'थॅचर यांची लाट' म्हणणाऱ्याला हा एक आकडा पुरे.

नेत्याच्या नावाने लोक किती दुभंगतात हे मोजायला सोपी पट्टी आहे: दोन मोठ्या पक्षांच्या टक्क्यांची बेरीज. २०१७ मध्ये ती ८२ च्या वर होती, २०२४ मध्ये ५७ च्या आसपास. बेरीज मोठी असेल तर समजावे की मतदार एकाला आणण्याइतकाच दुसऱ्याला रोखायला बाहेर पडला. मतदानही त्याच बाजूने झुकते: २०१७ मध्ये सुमारे ६९ टक्के, २०२४ मध्ये ६० टक्के. म्हणून दोन निवडणुकांतली मते लाखांत मोजून नेत्यांची तुलना करू नये. मतदान किती झाले हे आधी विचारावे. २०२४ मध्ये मजूर पक्षाला मत देणारे नोंदणीकृत मतदारांपैकी पाचात एक होते.

आता एक मतदारसंघ जवळून पाहू: साउथ वेस्ट नॉरफोक, माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचा. २०१९ मध्ये ट्रस यांना ३५,५०७ मते, मजूर उमेदवाराला ९,३१२, मताधिक्य २६,१९५. ब्रिटनमधल्या सुरक्षित जागांत मोडणारी ही जागा. २०२४ मध्ये सीमा थोड्याफार बदलल्या होत्या, पण मुलूख तोच. मजूर उमेदवाराला मिळाली ११,८४७, म्हणजे पाच वर्षांपूर्वी आपटी खाल्ली तेव्हापेक्षा अडीच हजार जास्त. एवढ्यावर जागा जिंकली, ६३० मतांनी. कारण ट्रस ११,२१७ वर उतरल्या, नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने ९,९५८ खाल्ली, हुजूर पक्षावर रागावून उभ्या राहिलेल्या एका स्थानिक अपक्षाने ६,२८२ नेली, आणि बरेच जण घरीच बसले. इथे निवडून आला तो स्टार्मर यांच्या पक्षाचा माणूस. पण निकाल लावला तो ट्रस यांच्या नावडतेपणाने. त्या रात्री असे निकाल देशभर लागले. मजूर पक्षाला एका जागेमागे सरासरी साडेतेवीस हजार मते खर्ची पडली. २०१७ मध्ये हाच भाव ४९ हजार होता.

पक्षाच्या मतांना नेत्याची मते समजणे ही दुसरी चूक. मतपत्रिकेवर त्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावे, त्यांचे पक्ष आणि चिन्हे असतात; पक्षनेत्याचे नाव वेगळे नसते. (ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून नाव नोंदवून मत देता येते, त्यामुळे स्लाव किंवा हॅरोमधल्या मराठी घरांना ही मतपत्रिका ठाऊक असते.) स्टार्मर यांचे नाव फक्त होबर्न अँड सेंट पँक्रसमध्ये होते. तिथे २०१९ मध्ये त्यांना ३६,६४१ मते होती, २०२४ मध्ये पंतप्रधान होण्याच्या दिवशी १८,८८४. शेजारच्या इस्लिंग्टन नॉर्थमध्ये पक्षाने उमेदवारी नाकारलेले कॉर्बिन अपक्ष उभे राहिले आणि २४,१२० मते घेऊन मजूर उमेदवाराला ७,२४७ मतांनी पाडून आले. व्यक्ती म्हणून लोकप्रियता मोजायची तर हा निकाल कॉर्बिन यांच्या बाजूचा. फक्त लंडनमधला हा मतदारसंघ चाळीस वर्षे त्यांच्या हाताखालचा; तिथला कौल देशाला लावू नये.

मग व्यक्तीची लोकप्रियता मोजायची कशी? जनमत चाचण्यांतून, पण चाचणीने नेमके काय विचारले ते पाहून. इप्सॉस ही संस्था १९७० च्या दशकाच्या शेवटापासून विचारत आली आहे: अमुक नेता ज्या रीतीने काम करतो आहे त्याबद्दल तुम्ही समाधानी आहात की असमाधानी? यूगव्ह या दुसऱ्या संस्थेचा नेहमीचा प्रश्न वेगळा: या नेत्याबद्दल तुमचे मत अनुकूल आहे की प्रतिकूल? तिसरा प्रकार थेट: पंतप्रधान म्हणून कोण बरा? तिन्हींतून निघणारे आकडे एकमेकांना जोडायचे नसतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रस यांना इप्सॉसने १६ टक्के समाधानी, ६७ टक्के असमाधानी दाखवले, म्हणजे निव्वळ उणे ५१. त्याच महिन्यात यूगव्हमध्ये १० टक्के अनुकूल, ८० टक्के प्रतिकूल, म्हणजे उणे ७०. बाई त्याच, महिना तोच, फरक १९ गुणांचा. एकाचा इप्सॉसचा आकडा आणि दुसऱ्याचा यूगव्हचा घेऊन 'इतिहासातला सर्वांत नावडता नेता' ठरवणारे लेख दर वर्षी निघतात, ते इथेच निकालात काढावेत.

'माहीत नाही' म्हणणाऱ्यांचा रकाना वाचायला विसरू नका. नवा नेता आला की तिसरा हिस्सा लोक सहज त्यात असतात, त्यामुळे असमाधानी कमी आणि निव्वळ आकडा चांगला दिसतो. जून २०२० मध्ये इप्सॉसच्या चाचणीत स्टार्मर यांच्याबद्दल ५१ टक्के समाधानी, २० टक्के असमाधानी होते: अधिक ३१. सप्टेंबर २०२५ मध्ये १३ आणि ७९: उणे ६६, त्या संस्थेच्या नोंदीतला तोवरचा नीचांक. याआधी पंतप्रधानांचा तळ उणे ५९ होता, १९९४ मध्ये जॉन मेजर आणि एप्रिल २०२४ मध्ये ऋषी सुनक. विरोधी पक्षनेत्यांत कॉर्बिन यांचा सप्टेंबर २०१९ मधला उणे ६० हा तळ. म्हणजे लोकप्रियतेच्या प्रश्नाचे उत्तर 'केव्हा?' विचारल्याशिवाय देता येत नाही. नव्या नेत्याच्या पहिल्या सहा महिन्यांतले आकडे तुलनेतून काढून टाकलेले बरे. मधल्या काळातल्या आकड्यांवर तर निवडणुकीचे भाकीत करूच नये. डिसेंबर १९८१ मध्ये थॅचर यांच्यावर समाधानी असणारे चौघांत एक उरले होते. सहा महिन्यांत फॉकलंडचे युद्ध झाले, आणि दीड वर्षात १४४ चे बहुमत, म्हणजे बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा १४४ जागा जास्त.

निवडणुकीच्या तोंडावर घेतलेला आकडा मात्र उपयोगाचा असतो, तोही प्रतिस्पर्ध्याशेजारी ठेवून. डिसेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन काही लाडके नव्हते. इप्सॉसमध्ये ते उणे विसाच्या आसपास होते. पण कॉर्बिन उणे चाळीसच्याही खाली. दगडापेक्षा वीट मऊ, आणि विटेला ३६५ जागा. ब्रिटनच्या अलीकडच्या बऱ्याच निवडणुका दोन नावडत्यांतल्या कमी नावडत्याने जिंकल्या आहेत, हे डोक्यात ठेवले तर चाचण्या वाचणे सोपे जाते.

पक्षाचा कौल आणि नेत्याचा कौल एकमेकांशी भांडत असतील तर कुणावर विश्वास ठेवायचा? १९९२ आणि २०१५ या दोन्ही वेळी चाचण्यांनी मुकाबला बरोबरीचा सांगितला होता, १९९२ मध्ये तर मजूर पक्ष किंचित पुढे होता. पण पंतप्रधान म्हणून लोक किनॉकपेक्षा मेजर यांना आणि एड मिलिबँडपेक्षा डेव्हिड कॅमेरॉन यांना पसंत करत होते. दोन्ही वेळी नेत्याचा आकडा खरा ठरला: मेजर यांना १ कोटी ४० लाखांहून जास्त मते पडली, तेवढी ब्रिटनमध्ये आजवर कुठल्याही पक्षाला पडलेली नाहीत, आणि कॅमेरॉन यांना स्वबळावर बहुमत मिळाले. त्यामुळे पक्षांत अंतर कमी असेल तेव्हा नेत्याच्या आकड्याला जास्त वजन द्यावे.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती लहान नाहीत. १९७९ मध्ये जेम्स कॅलॅहन पंतप्रधान म्हणून थॅचर यांच्यापेक्षा ठळकपणे पुढे होते; पण आदल्या हिवाळ्यातल्या संपांनी सरकारचे नाक कापले होते, लोकांनी माणूस आवडूनही सरकार बदलले. १९४५ चे उदाहरण सगळे देतात: मे महिन्यात गॅलपच्या चाचणीत विन्स्टन चर्चिल यांच्या कामावर ८३ टक्के लोक खूश, जुलैत निकाल लागला तेव्हा क्लेमंट अॅटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा. यात चमत्कार काही नाही. चर्चिल यांना मिळालेली पसंती सर्वपक्षीय युद्धकालीन सरकारच्या प्रमुखाला होती. मत मागितले गेले ते १९३० च्या दशकातली बेकारी ज्याच्या खात्यावर होती त्या हुजूर पक्षासाठी. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे.

छोट्या पक्षांच्या नेत्यांना राष्ट्रीय मतटक्क्याची पट्टी लावायचीच नाही. पॅडी अॅशडाउन यांच्या लिबरल डेमोक्रॅट्सचा मतटक्का १९९२ मध्ये १७.८ होता, १९९७ मध्ये १६.८ वर आला आणि जागा २० वरून ४६ झाल्या, कारण कार्यकर्ते आणि पैसा निवडक मतदारसंघांत ओतला गेला आणि हुजूर उमेदवाराला पाडायला मजूर समर्थकांनीही तिथे त्यांना मत दिले. त्याच पक्षाच्या निक क्लेग यांचे अगदी उलटे. १५ एप्रिल २०१० च्या पहिल्या दूरचित्रवाणी चर्चेनंतर ते देशाचे लाडके झाले, पत्रकारांनी पुरते डोक्यावर घेतले. मते टक्काभर वाढून २३ वर गेली आणि जागा ६२ वरून ५७ वर आल्या. याच पक्षाचे २०२४ मधले नेते एड डेव्ही यांच्याबद्दल निम्म्या देशाला धड मत नव्हते. पाण्यात पडत, घसरगुंड्या खेळत त्यांनी २०२४ चा प्रचार केला आणि १२.२ टक्क्यांवर ७२ जागा नेल्या. नायजेल फराज यांच्या रिफॉर्मला त्याच निवडणुकीत त्यांच्यापेक्षा सहा लाख मते जास्त पडली, ४१ लाख; जागा ५. मते देशभर सारखी पसरली की असे होते. स्कॉटिश नॅशनल पार्टीची मते एका प्रदेशात दाटलेली, म्हणून २०१५ मध्ये साडेचौदा लाख मतांवर ५६ जागा, तर त्याच दिवशी फराज यांच्या तेव्हाच्या पक्षाला, युकिपला, ३८ लाखांवर एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेत्या निकोला स्टर्जन तर त्या निवडणुकीत उमेदवारही नव्हत्या.

प्रत्यक्ष तुलना करायला बसाल तेव्हा प्रत्येक नेत्यासाठी एक ओळ करा. तिच्यात मतदानाआधीच्या महिन्यातला एकाच संस्थेचा निव्वळ आकडा, त्याच चाचणीतला प्रतिस्पर्ध्याचा आकडा, पक्षाचा मतटक्का, दुसऱ्या पक्षाशी फरक, मतदान किती टक्के, जागा, आणि नेता आला तेव्हा पक्षाच्या जागा किती होत्या हे लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि किनॉक यांच्यावर अन्याय होतो. दोनदा हरलेला नेता म्हणून त्यांची नोंद आहे, पण त्यांनी पक्ष २०९ जागांवर उचलला आणि २७१ वर सोडला. विल्यम हेग यांनी हुजूर पक्ष १६५ वर घेतला आणि १६६ वर दिला. स्टार्मर यांनी मजूर पक्ष २०२ वरून ४११ वर नेला. मतटक्का दीडच वाढला, तरी ही ओळ त्यांची. आणि निव्वळ विजयांची मोजदाद करायची तर मजूर पक्षाचे हॅरोल्ड विल्सन यांना विसरू नका: पाच सार्वत्रिक निवडणुका लढवल्या, चार जिंकल्या. त्यांतल्या फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत मते हुजूर पक्षाच्या हीथ यांच्यापेक्षा कमी होती आणि जागा चार जास्त.

आकडे उतरवताना दोन ठिकाणी घोळ होतो. ब्रिटनमधल्या बहुतेक चाचण्या उत्तर आयर्लंड वगळून असतात, कारण तिथले पक्षच वेगळे. म्हणून चाचणीशी ताडून पाहायचा स्टार्मर यांचा निकाल ३३.७ नव्हे, ३४.७ टक्के. दुसरा घोळ सभापतींचा. काही वृत्तसंस्था सभापतींना त्यांच्या मूळ पक्षात धरतात, म्हणून कुठे ४११ दिसते, कुठे ४१२, आणि बहुमत कुठे १७२, कुठे १७४. एकच रीत धरून सगळी वर्षे मोजा.

पक्षांतर्गत निवडणुकीतली टक्केवारी लोकप्रियतेच्या रकान्यात येऊ देऊ नका. २०१५ मध्ये कॉर्बिन ५९.५ टक्क्यांनी नेते झाले, २०२२ मध्ये ट्रस यांनी सुनक यांना ५७.४ टक्के घेऊन हरवले. तो कौल वर्गणी भरणाऱ्या सदस्यांचा. २००१ मध्ये हुजूर सदस्यांनी जनतेत जास्त वजन असलेल्या केनेथ क्लार्क यांना डावलून इयन डंकन स्मिथ यांना निवडले. त्यांना एकही सार्वत्रिक निवडणूक लढवायला मिळाली नाही. २००३ मध्ये स्वतःच्याच खासदारांनी उतरवले.

हीच पट्टी आता फराज यांना लावून पाहण्यासारखी आहे. त्यांची मते पसरलेली असल्याने १५ टक्क्यांवर हाती काही लागत नाही, पण तिशीच्या जवळ गेले आणि समोरची मते चार ठिकाणी फाटली, तर जागा धो धो येतात. मे २०२५ मध्ये रनकॉर्न अँड हेल्सबीची पोटनिवडणूक, जिथे मजूर पक्षाचे मताधिक्य चौदा हजारांवर होते, रिफॉर्मने सहा मतांनी जिंकली. स्वतः फराज यांचा निव्वळ आकडा उणेच आहे. तो आड येईल की नाही हे त्यांच्या विरोधकांनी एकत्र यायचे ठरवण्यावर अवलंबून. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्समधल्या केरफिलीत, सेनेडच्या, म्हणजे वेल्सच्या विधिमंडळाच्या, पोटनिवडणुकीत ते ठरले: रिफॉर्मला ३६ टक्के मते पडली, जी चौरंगी लढतीत सहज पुरली असती, पण पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाला मत देणारे प्लाइड कम्री या वेल्सच्या प्रादेशिक पक्षाकडे वळले, प्लाइड ४७ टक्क्यांवर गेला आणि मजूर पक्ष ११ वर.